ठराव कागदावर, अपंग बांधव सुनावणीबाहेर

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक तळी, विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा! कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आम्हाला कोणी शिकवायला नको. आज तेच अंतर अपंग बांधवांच्या वाट्याला आले आहे, तेही संगणकाच्या पडद्यावर.

२०२० च्या टाळेबंदीपासून न्यायालये, आयोग आणि सरकारी कार्यालये झूम, वेबेक्स, गुगल मीटवर सुनावण्या घेऊ लागली. उमापूरच्या अपंग माणसाला याचे मोल फार. उमापूरहून गेवराई, गेवराईहून बीड, एसटीच्या पायऱ्या, कचेरीचे जिने आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सारे वाचते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर व्हिडिओवरून सुनावणी मागण्याची तरतूदच आहे. पण लिंक उघडल्यावर पुढे काय? कर्णबधिराला ओठ हललेले दिसतात, शब्द कळत नाहीत. अंध बांधवाचा मोबाईल बटणांची नावे वाचून दाखवतो. मात्र समोरच्याने पडद्यावर कागद दाखवला की मोबाईलच्या लेखी ते केवळ चित्र! तो गप्प होतो. तोच कागद आधी युनिकोडमध्ये पाठवला असता तर वाचता आला असता.

सोयी नाहीत असे नाही. कॅप्शन चालू केले की बोललेले शब्द अक्षरांत उमटतात. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकट पडद्यावर कायम ठेवता येते. अर्थात यंत्राची अक्षरे चुकतात, आणि एक आकडा चुकला तरी गट नंबर बदलतो. म्हणून जिथे जमीन, पोटगी किंवा अत्याचाराचा प्रश्न आहे तिथे माणूसच दुभाषी हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयात ऑनलाईन उभ्या राहिल्या. त्यांच्या दुभाष्याला सुरुवातीला पडद्यावर राहू दिले नव्हते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली तेव्हा मार्ग मोकळा झाला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलालाही हे मागावे लागते, तर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुक्या पोरीचे काय होत असेल?

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम १२ न्यायाची वाट खुली ठेवायला सांगते. कलम ४२ कॅप्शन आणि सांकेतिक भाषेची जबाबदारी सरकारवर टाकते. रास्त सोय नाकारणे हाच भेदभाव, असे या कायद्याच्या व्याख्येतच आहे. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, बंधनकारक नियम करा. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

सरकारने मात्र नाव बदलून 'दिव्यांग' केले. बाबासाहेबांनी 'हरिजन' हा शब्द का नाकारला, हे जाणणाऱ्यांना अशा गोड नावांचे कौतुक वाटू नये.

चळवळीनेही आपल्याकडे पाहिले पाहिजे. १४ एप्रिल २०२० ची जयंती घराघरांत साजरी झाली. त्यानंतर ऑनलाईन व्याख्याने, धम्मवर्ग वाढले. त्यांतल्या किती ठिकाणी कॅप्शन चालू असते? निमंत्रणही फोटोतल्या अक्षरांत येते, अंध उपासकाला ते वाचताच येत नाही. पैसा लागत नाही, चार ओळी टाईप कराव्या लागतात.

गेवराई, बीडच्या आपल्या वकील मंडळींना विनंती आहे. पक्षकार अपंग असेल तर सुनावणीच्या आधीच लेखी अर्ज द्या: दुभाषी हवा, कॅप्शन हवे, कागदपत्रे वाचनयोग्य स्वरूपात आगाऊ हवीत. कलम १२ आणि ४२ नमूद करा, पोच घ्या. कार्यालयाने नाकारले तर लेखी कारण मागा आणि ते जोडून पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. जय भीम!