धूर कुठंय? : चाळीस वर्षं जुनं बर्फाचं मशीन चालू करताना

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो होतो की गॅरेजमध्ये एक जुनं बर्फाचं मशीन खोलून ठेवलंय. त्यावर इतक्या व्हॉइस नोट्स आल्या की हा अख्खा भाग त्यावरच करतोय. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, जवळपास तेच आहे, फक्त माझं ‘म्हणजे’ आणि ‘अं’ काढून टाकलंय.

आधी एक गोंधळ मिटवतो. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. त्यामुळे ‘गॅस पॉवर्ड स्नो शॉव्हल’ म्हटल्यावर माझ्या आईच्या डोळ्यांसमोर सिलिंडर लावलेलं फावडं आलं होतं. तसं नाहीये. हे पेट्रोलवर चालणारं छोटं मशीन असतं. पुढे आडव्या दांड्यावर रबराची पाती असतात, ती गरगर फिरतात, जमिनीवरचा बर्फ उचलतात आणि समोर किंवा बाजूला फेकतात. मोठ्या स्नो ब्लोअरमध्ये बर्फ आधी आत ओढतात आणि मग दुसऱ्या पंख्याने लांब उडवतात. यात एकच टप्पा, म्हणून सिंगल स्टेज. वजन इतकं कमी की जिन्याच्या दोन पायऱ्या उचलून नेता येतं. म्हणूनच माझे शेजारी त्याला सरळ ‘शॉव्हल’ म्हणतात.

मी मिनियापोलिसला राहतो. इथे हिवाळ्यात सरासरी 50 इंचांहून जास्त बर्फ पडतो. शहराचा नियम असाय की बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ झाला पाहिजे. तुम्ही आजारी असा, म्हातारे असा, नियम तोच. माझे शेजारी सत्तरी पार केलेले, हृदयात स्टेंट आहे आणि डॉक्टरांनी फावडं हातात धरायला सक्त मनाई केलीय. मागच्या डिसेंबरात ते बोलावून म्हणाले, “गॅरेजच्या कोपऱ्यात माझं जुनं मशीन पडलंय. चालू झालं तर तुमचं. फक्त माझाही फुटपाथ करत जा.”

डॉक्टर उगीच घाबरवतात असं कुणाला वाटत असेल तर हिशोब करू. 3 मीटर रुंद, 15 मीटर लांब ड्राइव्हवे, त्यावर 20 सेंटिमीटर बर्फ. म्हणजे 9 घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलो धरला तरी 900 किलो झाले, आणि ओला असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं फावड्याने, वाकून, श्वास रोखून, उणे 15 तापमानात. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, रक्तदाब वाढलेला आणि त्यात ही मेहनत. म्हणून इथे दर हिवाळ्यात हृदयरोगतज्ज्ञ फावड्याबद्दल इशारे देत असतात.

तर मशीन. टोरो कंपनीचं, साधारण 1980 च्या आसपासचं, लाल रंग उडालेला. टोरो इथलीच, मिनेसोटाची. 1914 साली ट्रॅक्टरची इंजिनं बनवायला सुरू झालेली कंपनी, आणि तो ट्रॅक्टर होता ‘बुल’. स्पॅनिशमध्ये बैलाला ‘टोरो’ म्हणतात, म्हणून हे नाव. शेजाऱ्यांनी 1991 च्या हॅलोविनच्या हिमवादळातही हे मशीन चालवलं होतं. त्या वेळी या शहरात 28.4 इंच बर्फ पडला होता आणि तो किस्सा इथला प्रत्येक माणूस कालच घडल्यासारखा सांगतो.

इंजिन टू-स्ट्रोक. हा शब्द लक्षात ठेवा, कारण मी तो विसरलो.

म्हणजे झालं असं. शनिवारी सकाळी मशीन बाहेर काढलं. जुनं पेट्रोल काढून टाकलं, ते चहाच्या रंगाचं झालं होतं. प्लग काढून साफ केला. गवत कापायच्या मशीनसाठी ठेवलेल्या कॅनमधलं ताजं पेट्रोल टाकीत ओतलं, चोक ओढला आणि दोरी खेचायला लागलो. सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता, तिकडे संध्याकाळचे साडेसात. बाबांनी अठरा वर्षं बजाज चेतक वापरलीय. आमच्याकडे दर रविवारी अंगणात कागद पसरून प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करायचा कार्यक्रम असायचा. म्हटलं, बघू दे त्यांनाही. वीसएक वेळा दोरी खेचल्यावर मशीन फटफटलं आणि चालू झालं! मी नाचायलाच लागलो.

बाबा गप्प. मग म्हणाले, “अरे, टू-स्ट्रोक आहे म्हणालास ना? मग धूर कुठंय?”

“नाहीये धूर. चांगलंय ना?”

“बंद कर. आधी बंद कर!”

एवढ्या जोरात बाबा माझ्यावर दहावीनंतर ओरडले नव्हते. मी बंद केलं. तोवर चाळीसेक सेकंद चाललं असेल.

कारण असं. तुमच्या आजच्या बाईकमध्ये फोर-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात खाली वेगळं ऑइल असतं आणि ते आतल्या भागांना वंगण देत राहतं. साध्या टू-स्ट्रोकमध्ये असा ऑइलचा साठाच नसतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालच्या खोलीत येतं, आणि तिथून वर ज्वलनाच्या जागी जातं. त्या वाटेवरच्या बेअरिंगला आणि पिस्टनला जे काही वंगण मिळतं, ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचं. तेच ऑइल शेवटी थोडं जळतं आणि निळसर धूर येतो. म्हणजे धूर नाही याचा अर्थ ऑइल नाही. ऑइल नाही याचा अर्थ धातूवर धातू घासतोय. आणखी काही मिनिटं चालवलं असतं तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून कायमचा बसला असता. आपल्याकडे याला ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात. पेट्रोल पंपावर स्कूटरवाले पेट्रोलसोबत ऑइल टाकून घ्यायचे, ते याचसाठी. मी ते लहानपणी शेकडो वेळा बघितलंय. बीटेक करूनही हातात कॅन आल्यावर आठवलं नाही.

मग सायलेन्सर काढला. टू-स्ट्रोकची एक सोय असते. सायलेन्सर काढला की धूर बाहेर पडायच्या भोकातून थेट पिस्टन दिसतो. मोबाइलचा टॉर्च लावला आणि हळूहळू दोरी ओढून पिस्टन खालीवर केला. उभ्या बारीक रेघा होत्या, पण नखाला लागत नव्हत्या. प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन मोजलं, 100 च्या वर आलं. वाचलं! जुनं मशीन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हीच दोन कामं करा. पिस्टनला खोल चरे असतील किंवा कॉम्प्रेशन 90 च्या बरंच खाली असेल तर नमस्कार करा आणि घरी या. बाकी सगळं दुरुस्त होतं.

मिश्रणाचं प्रमाण मशीनप्रमाणे बदलतं. कुठे 24:1, कुठे 32:1, कुठे 50:1. एक लिटर पेट्रोलला 32:1 म्हणजे साधारण 31 मिली ऑइल, 50:1 म्हणजे 20 मिली. इंटरनेटवर यावरून हाणामाऱ्या होतात. तुम्ही तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच धरा. आणि मिश्रणाचा कॅन वेगळा ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या कॅनवर आता मराठीत लिहिलंय: ‘बाबांचं पेट्रोल’.

बरं, योग्य मिश्रण टाकल्यावरही मशीन चोक ओढला तरच चालायचं, चोक सोडला की मरायचं. हे लक्षण जवळपास नेहमी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक, म्हणजे जेट, बुजलंय. वर्षानुवर्षं टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर उरतो. कार्ब्युरेटरची वाटी खोलली तर तळाशी तोच थर, आणि फ्लोट त्यात चिकटलेला. क्लीनरमध्ये भिजवलं, तांब्याच्या वायरीतली एक बारीक तार घेऊन जेट मोकळा केला. (सुई किंवा ड्रिल वापरू नका, भोक मोठं झालं की सगळा हिशोब बिघडतो.) पेट्रोलची नळी वाकवली तर तुकडाच पडला, ती बदलली. वर गास्केटचा एक संच. इंजिन टेकम्सी कंपनीचं आहे आणि त्यांनी 2008 च्या अखेरीस इंजिनं बनवणं बंद केलं, पण असे सुटे भाग अजून मिळतात.

ठिणगी पिवळट आणि अशक्त येत होती. या वयाच्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन छोटे संपर्क. जुन्या स्कूटरवाल्यांना ‘पॉइंट घासले’ म्हटलं की लगेच कळतं. मीही घासले, गॅप लावला, ठिणगी निळी झाली. फ्लायव्हील काढायला मात्र पुलर लागतो. हातोडीने ठोकायचा मोह होईल, ठोकू नका.

एक गोष्ट मी तपासली नव्हती, ती आधीच तपासायला हवी होती: क्रँकशाफ्टची सीलं. क्रँककेस हवाबंद नसेल तर बाहेरची जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि इंजिन आपोआप ओरडत वेग घेतं. ऐकायला जोरदार वाटतं, प्रत्यक्षात ते भाजत असतं. वेग असा आपणहून वाढला तर आनंदाने व्हिडिओ काढत बसू नका, बंद करा. माझी सीलं ठीक निघाली, पण ते निव्वळ नशीब.

आता पेट्रोल. हा मुद्दा तिकडे महाराष्ट्रात ऐकणाऱ्यांच्याही कामाचा आहे. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जुनी रबरं आणि नळ्या फुगवतं, हवेतली ओल शोषतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. टाकीतून पेट्रोल तळातूनच जातं, आणि त्या थरात ऑइल जवळपास नसतं. म्हणजे ऑइल मिसळूनही इंजिन कोरडं! मिनेसोटात काही पंपांवर इथेनॉल नसलेलं प्रीमियम पेट्रोल मिळतं, छोटी इंजिनं आणि जुन्या संग्रहातल्या गाड्या यांच्यासाठी. मी तेच वापरतो. भारतात आता ई20 आलंय. कुणाकडे आजोबांची चेतक किंवा लूना असेल तर नळ्या आणि सीलं आताच बघून घ्या आणि टाकी भरून महिनोन् महिने उभी ठेवू नका.

वापरायचं कसं? मशीन नेहमी उघड्यावर चालू करायचं. गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून सुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वाऱ्याच्या दिशेने फेकायचं, नाहीतर सगळा बर्फ परत तोंडावर. रबराची पाती जमिनीला टेकतात आणि मशीन स्वतःच पुढे ओढलं जातं, म्हणून खडीवर चालवू नका, दगड गोळीसारखे उडतात. शहराचा नांगर गाडी रस्ता साफ करून जाते तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडाशी दगडासारखा ढीग टाकून जाते. तो या मशीनच्या आवाक्यातला नाही, आधी फावड्याने फोडावा लागतो. आणि हो, तो शेजाऱ्यांचा ढीगही मीच फोडतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतोय. माझ्या मशीनला आजच्यासारखा हँडल सोडलं की पाती थांबवणारा दांडा नाही. इंजिन चालू म्हणजे पाती चालू. मार्चमधल्या ओल्या बर्फाने एकदा तोंड बुजलं. मी इंजिन बंद केलं, प्लगची वायर काढली आणि काठीने बर्फ ढकलला. बर्फ सुटल्याबरोबर पाती झटक्याने अर्धा फेरा फिरली आणि काठी हातातून उडाली. इंजिन बंद होतं! पट्ट्यात ताण अडकून राहिलेला असतो, तो असा सुटतो. अमेरिकेत दर वर्षी हजारो लोक स्नो ब्लोअरच्या जखमा घेऊन इमर्जन्सीत जातात, आणि त्यात बोटं गमावणारे असतात. काठी एक डॉलरचीही नव्हती. हात घालू नका. कधीच नाही. हातमोजा घालूनही नाही.

कुणी विचारलंय, एवढं सगळं करण्यापेक्षा बॅटरीवालं नवीन का घेत नाहीस? खरं सांगतो, बहुतेकांनी तेच घ्यावं. धूर नाही, आवाज कमी, सुरक्षा जास्त. माझ्या मशीनचा धूर शेजारच्या खिडकीपर्यंत जातो आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ज्या माणसाने ते चाळीस वर्षं चालवलं, तो आता खिडकीत बसून त्याचा आवाज ऐकतो. पहिल्या दिवशी ते कॉफीचा कप घेऊन दारात आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “चोक थोडा लवकर सोडताय तुम्ही.”

एप्रिलमध्ये टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवलं, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून दोनदा दोरी ओढली आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. बाबा सप्टेंबरात इकडे येतायत. त्यांना मशीन स्वतः खोलून बघायचंय. व्हिडिओवर मी पॉइंटचा गॅप नीट लावलाय यावर त्यांचा अजून विश्वास नाहीये.