रायफलची अचूकता

एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या परस्परांच्या किती जवळ आणि नेमबिंदूच्या किती जवळ लागतात, यावरून रायफलची अचूकता ठरते. यांतील पहिली बाब सातत्याची, तर दुसरी नेम साधण्याच्या साइटच्या जुळवणीची आहे. गोळ्या एकत्र, परंतु मध्यापासून दूर लागत असतील, तर साइट सरकवून तो दोष दूर करता येतो. त्या विखुरल्या असतील, तर मात्र रायफल, काडतुसे आणि नेमबाज या तिन्हींचा विचार करावा लागतो.

मोजमाप

सलग झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या समूहास गट किंवा ग्रुप म्हणतात. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर हा गटाचा आकार होय. लक्ष्य दूर गेले की गट पसरतो, म्हणून त्याचा आकार कोनातही सांगतात. त्यासाठी कोनीय मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग (कला), हे एकक वापरतात. एक कोनीय मिनिट १०० मीटरवर सुमारे २९ मिमी, तर ५० मीटरवर सुमारे १४.५ मिमी अंतर व्यापते. त्यामुळे २५ मीटरवर ३ सेंमीचा गट मिळाला, तर ५० मीटरवर तो निदान ६ सेंमीचा होईल, असे मानावे.

गटात किती गोळ्या आहेत, हेही सांगणे आवश्यक असते. एखाद्या रायफलचे ५ गोळ्यांचे गट सरासरी ३० मिमी येत असतील, तर संख्याशास्त्राच्या नियमानुसार त्याच रायफलचे ३ गोळ्यांचे गट सरासरी सुमारे २४ मिमी आणि १० गोळ्यांचे सुमारे ३७ मिमी येतील. म्हणून ३ गोळ्यांचा एखादा लहान गट रायफलची खरी क्षमता दाखवत नाही.

गोळ्या विखुरण्याची कारणे

एकाच खोक्यातील काडतुसांचा वेगही थोडा वेगवेगळा असतो. सेकंदाला ३३० मीटर आणि ३२० मीटर वेगाच्या दोन गोळ्या ५० मीटर अंतर कापताना, हवेचा विरोध वगळला तरी, उंचीत सुमारे ७ मिमीचा फरक पडतो. नळीची घडण, आडवा वारा, श्वासाची हालचाल आणि चाप झटक्याने ओढणे ही इतर कारणे होत.

परस्परांशी संबंध नसलेल्या या चुकांची सरळ बेरीज होत नाही, तर त्यांच्या वर्गांची बेरीज होते. रायफल व काडतुसे यांमुळे १ मिनिट आणि नेमबाजामुळे ३ मिनिटे विखुरणे होत असेल, तर एकूण विखुरणे सुमारे ३.२ मिनिटे होते. रायफल पूर्णतः निर्दोष मिळाली, तरी ते ३ मिनिटेच राहील. याउलट नेमबाजाने सरावाने आपली चूक २ मिनिटांवर आणली, तर तीच रायफल सुमारे २.२ मिनिटांचे गट देईल. नवशिक्याने महागड्या रायफलपेक्षा सरावावर भर का द्यावा, हे यावरून स्पष्ट होते.

वास्तव अपेक्षा

ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. ५.६ मिमी व्यासाच्या गोळीची कड वर्तुळास स्पर्शली तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत हवे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतराच्या 'थ्री पोझिशन्स' प्रकारात कांस्यपदक मिळवले. पात्रता फेरीत त्यांना ६०० पैकी ५९० गुण होते. त्यांतील गुडघ्यावर बसून १९८, पालथे झोपून १९७ आणि उभ्याने १९५ होते. उत्तम रायफल आणि निवडक काडतुसे असूनही जागतिक दर्जाच्या नेमबाजाचे काही गुण निसटतात. नवशिक्याच्या गोळ्या उभ्याने नेम धरताना काळ्या वर्तुळाबाहेर गेल्या, तर त्यात नवल नाही.

क्षमता तपासण्याची रीत

रायफलची क्षमता पाहायची असल्यास ती वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच प्रकारच्या काडतुसांनी, ५ गोळ्यांचे निदान ४-५ गट घ्यावेत आणि त्यांची सरासरी काढावी. बाजूला गेलेली गोळी गटातून वगळू नये. त्यानंतर आधाराविना घेतलेल्या गटांशी तुलना केली, की नेमबाजाचा वाटा किती हे कळते. प्रगती मोजण्यासाठी सर्वोत्तम गटापेक्षा ही सरासरी अधिक विश्वसनीय ठरते.