डोस ठरतो तो दिवस

लिव्हरच्या गाठीवर उपचार घ्यायला धुळ्याहून मुंबईला गेलेल्या माणसाला पहिल्या खेपेत गाठीवरचं औषध मिळत नाही. नुसता तपास होतो. शिंदखेड्याकडच्या माझ्या मामांना हे काही पटेना. एवढं भाडं खर्चून, उपाशीपोटी येऊन फक्त फोटो काढायचे? तो दिवस जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: उपचाराचा निम्मा भाग त्या फोटोंतच असतो.

यट्रियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य असलेले काचेचे अतिसूक्ष्म कण, २० ते ३० मायक्रॉनचे, यकृताच्या धमनीतून थेट गाठीत सोडायचे, असा हा उपचार. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्याकडून पोर्टल व्हेनने येतं, गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. त्यामुळे कण गाठीत जास्त साठतात. त्यांचा मारा सरासरी अडीच मिलिमीटरपर्यंतच पोचतो. असे कण आता तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही ‘भाभास्फिअर’ नावाने तयार केले आहेत.

पण कण जठराच्या फाट्याने गेले तर तिथे व्रण होतो, आणि गाठीतल्या आडवाटांनी फुप्फुसात पोचले तर फुप्फुस भाजतं. म्हणून आधी निरुपद्रवी कण सोडून बघतात. हे ऐकल्यावर, शेतात ठिबक असलेले मामा एकदम सावरून बसले. व्हेंच्युरीतून खत सोडण्याआधी ते साध्या पाण्यावर लाइन तपासतातच. “आधी दखनं पडस, पानी कथा जास ते,” ते म्हणाले, आणि सही केली.

कॅथलॅबमध्ये जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर सरकली. पडद्यावर यकृताच्या धमन्या काळ्या फांद्यांसारख्या उमटल्या. डॉक्टर प्रत्येक फांदीपाशी थांबत, रंगद्रव्य सोडत, ती कुठे जाते ते पाहत. जठराकडे वळणारी एक बारीक फांदी त्यांनी धातूची कॉइल घालून बंद केली. मग टेक्नेशियम लावलेले प्रथिनाचे कण सोडले आणि मामांना लगेच गॅमा कॅमेऱ्याखाली नेलं. इथे रेंगाळून चालत नाही. वेळ गेला की टेक्नेशियम कणांपासून सुटतं, जठरात नि थायरॉइडमध्ये दिसू लागतं आणि चित्र फसवं होतं.

आधी छाती-पोटाचं सपाट चित्र, त्यावरून फुप्फुसात किती टक्के गेलं ते कळतं. मग स्पेक्ट-सीटी: किरणांचं त्रिमितीय चित्र सीटीवर बसवलेलं. भौतिकतज्ज्ञ बाईंनी थराथरावर यकृताची आणि गाठीची कड माउसने आखली. मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते याच कामाने. रेघ थोडी बाहेर गेली की गाठीचं वजन बदलतं आणि त्याबरोबर डोसही.

हिशेबाचा पाया सोपा आहे: १ किलो ऊतीत १ गिगाबेक्वेरेल यट्रियमचं पूर्ण विघटन झालं तर सुमारे ५० ग्रे किरणमात्रा बसते. म्हणजे ३ गिगाबेक्वेरेल दिलं, त्यातलं १० टक्के फुप्फुसात गेलं, आणि फुप्फुसं १ किलोची धरली, तर त्यांना १५ ग्रे. एका वेळची मर्यादा साधारण ३० ग्रे मानतात.

या मोजणीने आयुष्य किती बदलतं? फ्रान्समधल्या ‘डोसिस्फिअर-०१’ या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यकृताच्या भागाला ठरावीक १२० ग्रेच्या आसपास देण्याऐवजी गाठीला किमान २०५ ग्रे मिळतील असा प्रत्येकाचा वेगळा हिशेब केला. आयुर्मानाचा मध्यांक १०.७ महिन्यांवरून २६.६ महिन्यांवर गेला. रुग्ण थोडेच होते, तरी हा फरक मला डोळेझाक करण्यासारखा वाटत नाही.

प्रथिनाचे कण काचेच्या कणांसारखेच वागतील याची हमी नसते. म्हणून खरं औषध दिल्यावर पुन्हा चित्र घेतात. यट्रियमच्या दर दहा लाख विघटनांत जेमतेम ३२ पॉझिट्रॉन निघतात, तरी पेट स्कॅनला तेवढे पुरतात. मामांच्या उपचारानंतर आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, तेव्हा गाठीच्या मागच्या कडेला ठरवल्यापेक्षा कमी कण पोचलेले दिसले. तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये डॉक्टर आधी तीच कड बघणार आहेत.