जांभळ्या पट्ट्यांची गारगोटी

एकाच खड्यात जांभळे आणि दुधी पट्टे आलटूनपालटून दिसले, की तो पट्टेदार ॲमेथिस्ट, म्हणजे बाजारातला जमुनिया, असण्याचा संभव मोठा. मात्र नुसत्या रंगावरून निर्वाळा देऊ नये.

ॲमेथिस्ट ही गारगोटीचीच जात आहे. स्फटिक वाढताना त्यात सिलिकॉनच्या जागी लोहाचे मोजके अणू शिरतात आणि भोवतालच्या खडकांतील किरणोत्सर्गाने त्यांची अवस्था बदलली, की जांभळा रंग चढतो. द्रावणातले लोह कमीजास्त झाले, की रंगही गडद-फिका होतो. सूक्ष्म द्रवबिंदू अडकले तर थर दुधी होतो. असे थर स्फटिकाच्या टोकदार माथ्यावर एकावर एक बसत जातात, म्हणून उभा काप घेतल्यावर पट्टे नागमोडी, कोन केलेले दिसतात.

महाराष्ट्रात हा खनिज-खजिना दक्खनच्या काळ्या पाषाणात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत सिलिका साचली. जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागातल्या अशा पोकळ्यांत कडेला अकीक, तर आत जांभळ्या टोकांची दाटी आढळते. तिचे सौंदर्य विलक्षण आहे.

खरी फसगत होते ती फ्लोराइटमुळे. तेही जांभळे आणि पट्टेदार असते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला त्याचा साठा आहे. गारगोटीचा कठीणपणा ७, फ्लोराइटचा ४. चाकूच्या टोकाने फ्लोराइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर नाही. फ्लोराइट सपाट पृष्ठांवर फुटते, गारगोटी शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठाने. पैलू पाडलेल्या खड्यावर मात्र ओरखडा काढणे योग्य नाही. तिथे घनता पाहावी. गारगोटीची २.६५, फ्लोराइटची ३.१८. रंगवलेला अकीक भिंगाखाली ओळखू येतो, कारण रंग भेगांत जास्त साचतो.

  भूवैज्ञानिक अशा खनिजाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काप फिरवताना गारगोटी करडी-पांढरी उजळते आणि पुन्हा काळी होते. फ्लोराइट कसेही फिरवले तरी काळेच राहते. प्रयोगशाळेत वाढवलेला ॲमेथिस्ट मात्र या साऱ्या कसोट्यांतून निसटतो, कारण तोही अस्सल गारगोटीच असतो. तो ओळखायला स्फटिकातील जुळी रचना आणि अवरक्त वर्णपट तपासावा लागतो.