पश्चात्ताप कोरायचा कुठे?

शिकागोत येऊन मला नऊ वर्षं झाली. मी मूळचा नालासोपाऱ्याचा. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी पाकिस्तानातल्या मर्दानचा. आमची मैत्री चहावरून जमली आणि पक्की झाली ती सम्राट अशोकामुळे. मर्दानजवळ शाहबाजगढीला अशोकाचे शिलालेख आहेत आणि त्याच लेखमालेचे तुकडे आमच्या सोपाऱ्यातही सापडले आहेत. हे कळल्यावर तो हसून म्हणाला, "म्हणजे आपण एकाच राजाची प्रजा!"

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानमध्ये चार दिवस संघर्ष पेटला. पहलगामचा राग मनात होताच. रात्री दोन वाजता, बातम्या बघता बघता, पलीकडच्या शहरांची राखरांगोळी व्हावी अशा अर्थाचं काहीतरी मी व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं. सकाळी काढून टाकलं, पण तोवर त्याने ते पाहिलं होतं. तो काहीच बोलला नाही. चहा मात्र बंद झाला.

त्यानंतर काही महिन्यांनी इथल्या एका विद्यापीठात दक्षिण आशियातलं युद्ध आणि शांतता या विषयावर दोन अभ्यासकांची चर्चा होती. अशोकाचं नाव दिसलं म्हणून गेलो.

विषय होता तेराव्या शिलालेखाचा. कलिंगचं युद्ध इसवी सनापूर्वी २६०च्या सुमाराचं. दीड लाख माणसं हलवली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली, असं खुद्द जिंकणाराच लिहितो आणि त्याचं दुःख होतं म्हणतो. पहिल्या अभ्यासकांच्या मते हा कबुलीजबाब विलक्षण आहे. दुसऱ्या बाईंनी आधी त्यांचं म्हणणं नीट, न मोडता, सांगितलं आणि मग विचारलं, "पण कलिंग परत दिलं का?" त्याच लेखात अरण्यवासीयांना दमही भरलेला आहे: राजाला पश्चात्ताप झालाय, पण शिक्षा करायची ताकद अजून आहे. दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तरी आवाज कोणाचाच चढला नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर असं कधी होईल, असं मनात आलं.

मग बाईंनी नकाशा दाखवला. हा तेरावा लेख शाहबाजगढीला आहे, गिरनारलाही आहे. पण ज्या कलिंगात ही माणसं मेली, तिथल्या धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी तो नाही! तिथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत, सगळी माणसं माझी लेकरं आहेत असं सांगणारे. जखमेवरची खपली काढायची नव्हती की बंडाची भीती होती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ज्यांचं घर उजाड झालं, त्यांच्यासमोर ते दुःख कोरलं गेलं नाही, एवढं खरं.

मी खुर्चीत अवघडून बसलो. स्टेटसचं वाईट वाटतं, हे मी बायकोला सांगितलं होतं, पुण्याच्या मित्राला सांगितलं होतं, आईलासुद्धा. फक्त शेजारच्या टेबलावर सांगितलं नव्हतं. आणि युद्धाची भाषा तरी मला कुठून सुचली होती? सायरन ऐकू येत नाही अशा सुरक्षित घरातून. दुरून युद्ध सोपं वाटतं, तसा पश्चात्तापही.

सोमवारी दोन कप चहा घेऊन त्याच्याकडे गेलो. "ते स्टेटस... चुकलं माझं," एवढंच जमलं.

तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. म्हणाला, "त्या रात्री आईला फोन लागत नव्हता. तेव्हाच तुझं ते दिसलं." मग थोड्या वेळाने, "मीही तुमच्याबद्दल घरी बरंच बोललो. लिहिलं नाही, एवढंच."

काश्मीर, पहलगाम यावर आमचं आजही पटत नाही. हल्ली बोलतो मात्र. बाराव्या लेखात अशोक सांगतो, की बोलताना जीभ आवरा, दुसऱ्या पंथाचंही ऐका. शाहबाजगढीला तो लेख वेगळ्या शिळेवर आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत त्याने ती शिळा पाहिली होती, म्हणे. वाचता मात्र आली नव्हती.

डिसेंबरात भारतात जातोय. सोपाऱ्याच्या आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या संग्रहालयात आहे. त्याचा फोटो मागितलाय त्याने.