निवड आणि करार

आपल्या जिमखान्यात कॅरम बोर्डाच्या वरच्या भिंतीवर फुटबॉल संघांचे जुने फोटो टांगलेले आहेत. त्यांतला एक २०१३-१४ सालचा आहे. काचेला बुरशी आली आहे, तरी चेहरे ओळखू येतात. खाली बसलेल्या रांगेत डावीकडून तिसरा, गुडघ्यावर चेंडू धरून बसलेला मुलगा म्हणजे आमच्या गल्लीतले दादा. आज ते शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंग खात्यात आहेत. लहानपणापासून आम्ही त्यांच्याविषयी एकच वाक्य ऐकत आलो : "मोठ्या क्लबला गेलता, पण घेतलं न्हाई."

मी बी. ए. भाग दोनला आहे आणि कॉलेजच्या संघात डाव्या बाजूला बचावाला खेळतो. यंदा या अंकासाठी काहीतरी लिहावे असे सरांनी सांगितले, तेव्हा कॉलेजमध्ये खेळणारा मुलगा व्यावसायिक खेळाडू नेमका होतो कसा, किंवा का होत नाही, हे समजून घ्यावे असे मनात आले. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, नियम धुंडाळले आणि शेवटी दादांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले त्याने गल्लीतले ते वाक्य खोटे ठरले. हे लिहू का, असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिही. नाव तेवढं घालू नगंस. माझंबी, क्लबाचंबी."

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरगावच्या मित्रांना थोडे सांगितले पाहिजे. इथले संघ तालमींतून आणि पेठांतून उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे इथल्या पोराला बाराखडीबरोबर पाठ होतात. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकानदार शटर अर्धे ओढून जातात. मोठ्या संघांतून बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही मानधनावर खेळून गेले आहेत. त्यामुळे इथे वाढलेल्या मुलाला वाटते की, आपण फुटबॉलच्या ऐन मध्यावर उभे आहोत. पेठेच्या संघात आघाडीला खेळणारा, कॉलेजचाही कर्णधार, ज्याच्या नावाने गॅलरी ओरडते, असा मुलगा व्यावसायिक होणार नाही तर कोण होणार? दादा तसे होते.

पण व्यावसायिक खेळाडू म्हणजे कोण? पैसे घेऊन खेळतो तो, असे मला वाटत होते. तसे नाही. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिच्या नियमांत याची सरळ व्याख्या आहे. ज्याचा क्लबशी लेखी करार आहे, आणि ज्याला खेळण्यासाठी प्रत्यक्ष येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळतो, तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. म्हणजे दोन्ही गोष्टी हव्यात, कागदही आणि खर्चावरचा पैसाही. राहणे, जेवण आणि प्रवास क्लबने दिला, पण वर काही दिले नाही, तर तो खेळाडू त्याच मैदानावर, त्याच जर्सीत, तितकेच पळून हौशीच राहतो. ही व्याख्या मी वहीत उतरवून घेतली, कारण दादांची सगळी गोष्ट या दोन ओळींच्या मधल्या जागेत घडली आहे.

२०१४ च्या मे महिन्यात त्यांची बी. ए. ची शेवटची परीक्षा झाली. त्यानंतर एका मोठ्या शहरातील क्लबची निवड चाचणी असल्याचे कळले. वय एकवीस. रात्रीच्या एस. टी. ने गेले. मैदानावर साठेक मुले होती. पहिला धक्का बुटांचा. दादांचे बूट आपल्या मातीच्या मैदानासाठी घेतलेले, लांब खिळ्यांचे. तिथे कृत्रिम गवत. त्यावर असले खिळे रुतत नाहीत, पाय अडकतो किंवा घसरतो. एका मुलाने दुपारी आपले जुने बूट दिले, एक नंबर लहान. "तीन दिवस अंगठे वाकवून खेळलो," दादा हसत म्हणाले.

दुसरी गोष्ट बीप टेस्टची. वीस मीटरवर दोन रेघा मारलेल्या असतात. ध्वनिफितीवर 'बीप' वाजला की एका रेघेवरून निघायचे आणि पुढच्या 'बीप'च्या आत दुसरी गाठायची. दर मिनिटागणिक आवाजातले अंतर कमी होत जाते, आणि रेघ गाठता आली नाही की माणूस बाहेर. कौशल्याचा यात संबंध नाही. हृदय आणि फुप्फुसे काय करतात एवढेच दिसते. दादांनी ही परीक्षा तोवर ऐकलीही नव्हती. आपला कॉलेजचा संघ स्पर्धेआधी जेमतेम पंधरा दिवस एकत्र सराव करतो. विभागीय स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तर एका सामन्यात वर्ष संपते, जिंकत गेला तरी चार-पाच सामने. याउलट २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये १३ संघ होते आणि प्रत्येकाला साखळीतच २४ सामने खेळावे लागले. चार सामन्यांचा दम आणि चोवीस सामन्यांचा दम यांत किती फरक असतो हे त्या वीस मीटरांत कळते. तरीही दादा टिकले. पेठेच्या मैदानावरचा दांडगेपणा तिथे उपयोगी पडला, असे ते म्हणतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दादा आयुष्यभर आघाडीला खेळलेले. प्रशिक्षकांनी त्यांना पहिल्याच सराव सामन्यात डाव्या बचावाला उभे केले. त्यांना तो अपमान वाटला. खरे कारण वेगळे होते. त्याच वर्षी सुपर लीग आठ संघांनिशी सुरू होत होती आणि तिच्या नियमाप्रमाणे एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात असू शकत. अकरांतून सहा गेले, उरल्या पाच जागा. आणि गोल करणाऱ्याला सर्वांत जास्त किंमत असल्याने परदेशी खेळाडू घ्यायचा तर तो बहुधा आघाडीचाच घेतात. पुढे २०१७ मध्ये ही संख्या पाचवर आणि २०२१ मध्ये चारवर आली, पण पुढच्या जागेची ओढ तशीच राहिली. भारतीय मुलाला दार उघडे असलेच तर ते बाजूच्या बचावाचे किंवा गोलरक्षकाचे. प्रशिक्षक दादांना दारच दाखवत होते; दादांना ती भिंत वाटली. (मी बचावाला खेळतो म्हणून गल्लीतली मुले मला हसतात. त्यांनी हा परिच्छेद वाचावा.)

तीन दिवसांनी साठांतले पाच ठेवले. त्यांत दादा होते. दोन आठवडे ते क्लबच्या वसतिगृहात राहिले. एकदा मुख्य संघाबरोबर सराव सामना झाला, तेव्हा एक परदेशी आघाडीवीर त्यांच्या अंगावर धावून आला. "मी त्याचा बॉल दोनदा काढून घेतला. तिसऱ्यांदा त्यानं मला असं फिरवलं की मी गोलपोस्टाकडं तोंड करून हुबा." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी कधी त्यांच्या पगाराच्या दिवशीही पाहिलेला नाही.

दोन आठवड्यांनंतर बोलावणे आले. म्हणजे "घेतलं न्हाई" हे खरे नव्हे. घेतले होते. दुसऱ्या संघात, हौशी म्हणून. राहणे, जेवण, प्रवास क्लबचा, पगार नाही. हंगाम संपल्यावर कराराचा विचार करू.

यात क्लबने फसवले असे दादा म्हणत नाहीत, मलाही वाटत नाही. जगात बहुतेक ठिकाणी रीत हीच आहे. अमेरिकेत, जिथे या खेळाला सॉकर म्हणतात, कॉलेजमधील खेळाडू निवडण्याची ठरलेली पद्धतच आहे. मेजर लीगचे क्लब पाळीपाळीने एकेका विद्यार्थ्याचे नाव पुकारतात. मला वाटत होते, नाव पुकारले की झाले. पण तिथेही नाव पुकारणे म्हणजे करार नव्हे. त्या क्लबला त्या मुलाशी बोलणी करण्याचा पहिला हक्क मिळतो इतकेच. पुढे सराव शिबिर, आणि तिथून पुष्कळजण घरी परततात. निवड आणि करार यांच्यामध्ये सगळीकडेच काही महिन्यांचा रस्ता असतो. त्या महिन्यांत खेळाडूच्या घरचा खर्च कोण चालवणार, हे कुठल्याच नियमात लिहिलेले नाही.

दादांचे वडील मार्केट यार्डात हमाली करत. त्या पावसाळ्यात पाठीने त्यांना अंथरुणाला खिळवले. धाकटी बहीण दहावीला. नेमकी तेव्हाच फौंड्रीत जागा निघाली होती, ओळखीतून मिळणारी, आठ दिवस थांबणारी. दादांनी प्रशिक्षकांना घरचे कारण सांगितले नाही. "काय सांगणार, बापाची पाठ गेली म्हणून?" पिशवी भरली आणि आले. गल्लीत विचारले तेव्हा, घेतले नाही, असे स्वतःच सांगितले. का, तर घेतले असूनही परत आला म्हटले असते तर वडिलांना लागले असते. वडील २०२१ मध्ये वारले. त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते.

हे ऐकल्यावर मी विचारले, थांबला असता तर? दादांनी खांदे उडवले. पण या प्रश्नाचे थोडे उत्तर इतिहासात मिळते. आपल्याला सर्वांत जवळचे मोठे शहर पुणे. तिथे २००७ मध्ये पुणे एफ. सी. सुरू झाला, २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद पडला. भारत एफ. सी. २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डी. एस. के. शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. सुपर लीगमधला एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबईत महिंद्र युनायटेडसारखा, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला संघसुद्धा २०१० मध्ये गुंडाळला गेला. जुलै २०२५ मध्ये तर सुपर लीगचा पुढचा हंगामच आयोजकांनी स्थगित केला, कारण फुटबॉल महासंघाशी असलेल्या त्यांच्या हक्कांच्या कराराचे पुढे काय हे ठरलेले नव्हते. तिथे करार झालेले खेळाडूही हवालदिल झाले. फौंड्रीचा धूर छातीत जातो, पण ती अकरा वर्षांत बंद पडली नाही, असे दादा म्हणतात.

मग कोल्हापुरातून कुणी पोचतच नाही काय? पोचतात. अनिकेत जाधव पोचला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, पुढे सुपर लीगमध्येही. पण त्याची वाट पाहा. तो शाळकरी वयातच पुण्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, नंतर पुणे एफ. सी. च्या अकादमीत. राहणे, खाणे, शाळा, सराव हे सारे संस्थेकडे. निवड आणि करार यांमधला तो रस्ता त्याने लहान वयात, दुसऱ्याच्या खर्चाने पार केला. फिफाच्या नियमांतही खेळाडूच्या घडणीची वर्षे बारापासून मोजतात. खेळाडू करार चालू असताना परदेशातल्या क्लबला विकला गेला, तर रकमेचे पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. आपण कॉलेजात येतो अठराव्या वर्षी. म्हणजे निम्मी शाळा संपल्यावर प्रवेश घेतल्यासारखे आहे.

शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे आपण सगळे जाणतो, आणि खरे सांगायचे तर आपल्यातले बरेचजण त्या आशेवरच खेळतात. पण त्याला ठराविक दर्जाच्या स्पर्धांतली कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. पेठेच्या चषकांनी दादांच्या घरातला एक आख्खा कोनाडा भरला आहे. त्यांतल्या एकाचाही तिथे उपयोग झाला नाही.

आता दादा रविवारी सकाळी गल्लीतल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांना मैदानावर नेतात. फी नाही. दोन रेघा फक्कीने मारलेल्या असतात, वीस मीटरवर, आणि बीपऐवजी ते स्वतः शिट्टी वाजवतात. मुलाखत संपल्यावर त्यांनी मलाही पळायला लावले. मी सातव्या पातळीवर बाहेर पडलो.

माझ्या घरात कॉलेजला आलेला मी पहिलाच. आईबाबांना वाटते, मी पदवी घेऊन कुठेतरी टेबलावर बसावे, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. येत्या मे महिन्यात एका क्लबची चाचणी आहे. मी एकोणीस वर्षांचा, डावा बचाव. अर्ज भरला आहे. बूट कुठले न्यायचे ते दादांनी सांगितले आहे. दुसऱ्या संघात, बिनपगारी, हौशी म्हणून ठेवतो म्हणाले तर काय करायचे, हे मात्र मी त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बाबांना अजून काही बोललो नाही. हा अंक घरी गेला की ते वाचतीलच.