वस्तुमान म्हणजे नेमकं काय?

नववीच्या मुलांना विज्ञान शिकवताना मी एक व्याख्या वर्षानुवर्षं घोकून घेतली : वस्तूतला द्रव्यसंचय म्हणजे वस्तुमान. पण हा संचय मोजायचा कसा, असं कुणी विचारलं की उत्तर येतं, वस्तुमानावरून! खुद्द न्यूटननं १६८७ साली वस्तुमान सांगितलं ते घनता आणि आकारमान यांच्या गुणाकारातून. आणि घनता म्हणजे? एकक आकारमानातलं वस्तुमान. अर्न्स्ट माख यांनी पुढे या गोल फिरण्यावर बोट ठेवलं. आपली पुस्तकं मात्र ही अडचण मुलांना सांगत नाहीत. सांगायला हवी.

मग वस्तुमान ओळखायचं ते त्याच्या वागण्यावरून. ठाण्याहून कल्याण लोकल सुटते तेव्हा उभे प्रवासी मागे झुकतात, ब्रेक लागला की पुढे. (डोंबिवलीच्या गर्दीत झुकायलाही जागा नसते, ते सोडा.) हे जडत्व. सपाट रस्त्यावरसुद्धा भरलेली हातगाडी हलवायला जोर लागतो, आणि चालती गाडी थांबवायलाही.

दुसरी खूण भाजीबाजारात. दोन पारड्यांच्या तराजूत पृथ्वी दोन्हीकडे सारखीच ओढते, म्हणून किलोभर कांदे चंद्रावरही किलोभरच भरतील. स्प्रिंगचा ताणकाटा मात्र ओढ मोजतो. ठाण्यात किलो दाखवणारा काटा ध्रुवावर जवळजवळ पाच ग्रॅम जास्त दाखवेल.

गंमत अशी, की ढकलून काढलेलं आणि तोलून काढलेलं वस्तुमान एकच निघतं. असं का, हे न्यूटनच्या नियमांतून कळत नाही. आइनस्टाइननं १९१५ मध्ये या योगायोगालाच आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा पाया केलं.

आणि किलो तरी काय? दुकानातल्या शिक्का मारलेल्या वजनाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या ठोकळ्यापर्यंत, आणि तिथून पॅरिसजवळच्या मूळ ठोकळ्यापर्यंत पोहोचायची. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडला. चुकलं कोण? मूळ ठोकळा म्हणजेच किलो, तेव्हा तो चुकणं व्याख्येनंच अशक्य! २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.

त्यानं किलो किती ते पक्कं झालं. वस्तुमान काय, ते नाही. प्रोटॉनमधल्या क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान भरतं जेमतेम एक टक्का. बाकीचं सारं त्यांच्या धावपळीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतं. म्हणजे लोकलमधल्या साठ किलोंच्या प्रवाशात 'द्रव्य' म्हणावं असं एक किलोही नाही.